दयाराम सरांचे अठ्ठेचाळीस प्रश्न

आमच्या संस्थेला गेल्या ऑक्टोबरात साक्षात्कार झाला की आजचा विद्यार्थी समजून घेतला पाहिजे. शाळा सुरू होऊन साठ वर्षं होत आली, एवढ्या काळात अशी गरज कधी कुणाला भासली नव्हती. मुलं यायची, बाकांवर नावं कोरायची, छड्या खायची आणि पुढं त्यांतलीच काही नगरसेवक होऊन आमच्याच स्नेहसंमेलनात दीड-दीड तास बोलायची. सगळं सुरळीत होतं. मग हायवेपलीकडं दोन-तीन इंटरनॅशनल शाळा उघडल्या, आमच्या पाचवीची एक तुकडी भरेना, आणि संस्थेला विद्यार्थ्यांबद्दल एकदम माया दाटून आली.

शाळेचं नाव सांगणार नाही. पनवेलच्या जुन्या बाजाराजवळ आहे, एवढं पुरे. मी तिथं मराठी शिकवते आणि निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत.

तर विद्यार्थी समजून घेण्यासाठी एका शनिवारी दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं. मुलांचा अडथळा नको म्हणून त्यांना सुट्टी दिली. वाशीहून हेतल मॅडम नावाच्या शैक्षणिक सल्लागार आल्या. त्यांनी आधी आम्हाला गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा दिला. ज्याच्या हातात गुंडा येईल त्यानं बालपणीची एक आठवण सांगायची, धागा हातात धरून ठेवायचा आणि गुंडा दुसऱ्याकडं फेकायचा. वीस मिनिटांत बत्तीस शिक्षक एकमेकांत असे गुंतले की मुख्याध्यापकांनी शिपायाला कात्री आणायला पिटाळलं. "बघा, आपण सगळे कसे जोडलेले आहोत!" हेतल मॅडम म्हणाल्या. गळ्याभोवती गुलाबी लोकर घेऊन दयाराम सर शांत उभे होते. "मॅडम," ते म्हणाले, "दहावी ब ची दोन प्रकरणं राहिलीत. सुटका झाली की सांगा."

हे आमचे गणिताचे दयाराम सर. वय सत्तावन्न. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन, पायांत बारा महिने चप्पल. खाडीकडच्या एका आगरी गावचे. घरची भातशेती होती, मिठागर होतं. आता दोन्हींवरून रस्ता जातो आणि सर त्याच रस्त्यानं स्कूटरवरून शाळेत येतात. वर्गात पुस्तकासारखं बोलतात, आणि गावाकडचा माणूस भेटला की पुढच्याच वाक्याला 'आमी-तुमी'वर उतरतात. रागावले की मात्र कुठलीच भाषा नाही. फळ्यावरच्या चुकीच्या उत्तराखाली लाल खडूनं दोन रेघा मारतात आणि ज्याचं चुकलं त्याच्याकडं बघत राहतात. एसटी स्टँडवरचे चाळिशीचे रिक्षावाले अजून सरांना बघून विडी लपवतात.

आणखी एक गोष्ट सर करायचे, तिची नोंद संस्थेच्या कुठल्याच कागदावर नव्हती. शाळा सुटली की पहिल्या मजल्यावरची नऊ नंबरची खोली ते उघडी ठेवत. सहा ते साडेआठ. शिकवत नसत. टेबलाशी बसून पेपर वाचत. ज्याला अडेल त्यानं वही घेऊन यायचं. तीस-पस्तीस मुलं बसायची, बहुतेक दहावीची. नेऱ्याकडची पोरं गाडीची वेळ झाली की उठायची, करंजाड्याची शेवटपर्यंत बसायची. दिव्याचं आणि दोन पंख्यांचं बिल सोडलं तर संस्थेला त्याचा काही त्रास नव्हता. अशा गोष्टीला सल्लागारांच्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नाही. आम्ही 'नऊ नंबर' म्हणायचो.

त्या खोलीत शेवटून दुसऱ्या बाकावर निशा बसायची. दहावी ब, करंजाड्याची. बाप काशिराम कंपनीची बस चालवतो, आई शांती दोन फ्लॅटमध्ये स्वयंपाक करते. विमानतळात गाव उठलं, वडिलोपार्जित जागेवर काशिरामच्या चुलत्यांची केस चालू आहे, तोवर भाड्याच्या एका खोली-किचनमध्ये सहा माणसं. ही माहिती मला तेव्हा नव्हती. मला एवढंच माहीत होतं की निशा पहिल्या तासाला डुलक्या घेते, आणि त्याबद्दल मी तिला दोनदा उभं केलं होतं. तिला डिप्लोमाला जायचं होतं, आणि चांगल्या सरकारी कॉलेजात नंबर लागायला दहावीला भरपूर टक्के लागतात. खाजगी कॉलेजची फी काशिरामला ह्या जन्मी जमणारी नव्हती. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत जे काय करायचं ते नऊ नंबरातच करायचं होतं.

प्रशिक्षण संपताना हेतल मॅडमनी आम्हा वर्गशिक्षकांच्या हातात एकेक फॉर्म दिला. अठ्ठेचाळीस प्रश्न. प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन पालकांना विचारायचे. 'आपला पाल्य घरी भावनिकदृष्ट्या सुरक्षित अवकाशात वावरतो का?' होय, नाही, कधी कधी, सांगता येत नाही. 'पाल्याच्या स्वप्नांशी आपण दररोज संवाद साधता का?' पुन्हा तेच चार पर्याय. मधेच माणसांना कळतील असे काही प्रश्न चुकून राहून गेले होते: घरात कुटुंबं किती, पाल्यासाठी अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे का, टेबल-खुर्ची आहे का.

मी दहावी क ची वर्गशिक्षिका. मी काय केलं ते सांगून टाकते. एका रविवारी पंख्याखाली बसले, चहाचा कप बाजूला ठेवला आणि बेचाळीस फॉर्मांवर वरून खाली 'होय'ची रांग लावली. दीड तासात माझा सगळा वर्ग भावनिकदृष्ट्या सुरक्षित अवकाशात गेला. बाकीच्या स्टाफनंही थोडंफार हेच केलं. दहावी ब चे वर्गशिक्षक दयाराम सर मात्र महिनाभर रोज साडेआठला नऊ नंबरला कुलूप लावून, फाईल काखेत मारून, एकेक घर फिरले. अठ्ठावन्न घरं. कुठं चहा, कुठं सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी, एका घरी साखरपुड्याच्या पंगतीत बसवून घेतलं. सर सत्यवादी माणूस, आम्ही मनात म्हणालो. खरी माहिती आणतील.

ती माहिती कशी होती हे कळायला सरांच्या लहानपणी जावं लागतं. त्यांच्या गावात जमिनीचा सर्वे झाला तेव्हा साहेबानं बाजेवर बसून विचारलं होतं, घरात कुटुंबं किती. सरांचे आजोबा मानी. चार मुलगे, चार सुना, चूल एक. त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, "आमी सगली येकच." शेजारच्या घरात तीन माणसं होती, त्यांनी तीन कुटुंबं सांगितली. पुढं जमिनी गेल्या तेव्हा मोबदला म्हणून जे काय मिळालं ते कुटुंबागणिक मिळालं. सरांच्या बापाला आणि तीन काकांना एका वाट्यात चौघं बसायला सांगितलं, आणि आजोबा मरेपर्यंत शेजाऱ्याच्या ओटीकडं बघून मान फिरवायचे. तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या पोराला बाराखडीच्या आधी एक गोष्ट शिकवतात: फाईल घेऊन माणूस आला की वाढवून सांगायचं.

आणि आता सर स्वतःच फाईल घेऊन आले होते.

"सर, ये कागुद कसला?" काशिरामनं विचारलं होतं. हे सगळं सरांनी मला नंतर सांगितलं.

"संस्थेला पोरांची माहिती पायजे."

"मंग पुढं काय देनार हायेत का?"

"टॅब देतील बोलतात. खरा-खोटा मला म्हाईत नाय." सरांनी पेन उघडलं आणि बघितलं तर काशिराम बोटं मोजत बसला होता. तेव्हा सर जे बोलले ते त्यांना मनापासून भल्याचं वाटत होतं. "हे बघ काशिराम, कमी सांगशील तं कमी भेटंल. आपल्या लोकांनी येकदा कमी सांगून बघितलाय. वाढवून सांग."

मग काशिरामनं वाढवून सांगितलं. कुटुंबं तीन. निशाला स्वतंत्र खोली आहे. टेबल आहे, खुर्ची आहे, लॅपटॉप आहे. सरांनी निळ्या पेनानं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. एका घरी सांगितलं ते सगळ्या घरी सांगितलं. त्या बाबतीत सरांनी दुजाभाव केला नाही. मी घरबसल्या केलेलं खोटं काम सरांनी चपला झिजवून केलं, एवढाच आमच्यात फरक.

डिसेंबरात अहवाल आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर कुठल्या तरी परदेशी मुलीचा हसरा फोटो. सभागृहात पडदा लावून हेतल मॅडमनी आम्हाला आमचा विद्यार्थी समजावून सांगितला. दहावीच्या त्र्याण्णव टक्के मुलांना घरी स्वतंत्र खोली आहे. दर मुलामागं घरात सरासरी तीन कुटुंबं आहेत, म्हणजे विस्तारित कुटुंबाचा भक्कम भावनिक आधार आहे. लॅपटॉप तर मुलांपेक्षा जास्त निघाले. "तुमचा विद्यार्थी साधनसंपन्न आहे," मॅडम म्हणाल्या, "पण थकलेला आहे. त्याची खरी गरज अभ्यास नाही, विसावा आहे." माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या तासाला डुलक्या घेणारी निशा आली आणि क्षणभर मलाही ते पटलं.

आणि मग शिफारस आली. घरी स्वतंत्र खोल्या असताना मुलांना साडेआठपर्यंत शाळेत डांबून ठेवणं म्हणजे त्यांच्यावर ताण. तेव्हा नऊ नंबरची खोली सोमवारपासून बंद. तिथं 'निवांत कक्ष' होणार. भिंतीवर ढग रंगवणार, जमिनीवर फुग्यासारख्या गाद्या टाकणार, कोपऱ्यात बांबूचं रोप. दुपारी दोन ते तीन ह्या वेळात मुलांनी तिथं जाऊन निवांत व्हायचं. नव्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो येणार होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दयाराम सरांनी नाही वाजवल्या. त्यांच्या मांडीवर अहवाल उघडा होता आणि ते त्र्याण्णव ह्या आकड्याकडं बघत होते, फळ्यावरच्या चुकीकडं बघतात तसे.

सोमवारी खोलीला कुलूप लागलं. परीक्षा दोन महिन्यांवर. संध्याकाळी तीस-पस्तीस मुलं सवयीनं जिन्यात थांबली आणि रंगाऱ्याचे डबे बघून पांगली. निशानं मुख्याध्यापकांकडं अर्ज दिला, 'महोदय, नऊ नंबरची खोली बंद करू नये ही नम्र विनंती.' अर्ज मी तपासला. एकही चूक नव्हती. मुख्याध्यापकांनी त्यावर 'फाईल करावे' असा शेरा मारला.

पंधरा दिवसांनी सर स्टाफरूममध्ये माझ्या समोर येऊन बसले. "बाई, जमिनीच्या सर्वेत ज्याच्याकडं जास्त त्याला जास्त मिळतं. इथं ज्याच्याकडं नाही त्याला मिळणार होतं. माझं चिन्ह चुकलं. अधिकच्या जागी वजा पाहिजे होतं."

"मग आता?"

"आता सांगून टाकायचं. लेखी माहिती खोटी दिली म्हणून पेन्शनच्या तोंडावर चौकशी लावतील, लावू देत. त्या पोरांची परीक्षा काय माझ्या चौकशीसाठी थांबणार नाही."

मला वाटलं होतं की माझ्या बेचाळीस फॉर्मांबद्दल कुणी विचारणार नाही. सरांनी विचारलंही नाही. नुसतं बघितलं. मी पर्स उचलली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

संस्थेचे सचिव केतनभाई ह्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. कुकरच्या मनोऱ्यांमधून वाट काढत आम्ही गल्ल्यापाशी पोचलो. केतनभाई वाईट माणूस नाही. आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, आणि आकडे त्याला आम्हीच दिले होते.

"सर, तुम्ही गणिताचे," ऐकून घेतल्यावर ते म्हणाले. "तुमचेच आकडे खोटे निघाले तर मी हिस्टरीवाल्यावर विश्वास ठेवू का?"

"माझेही खोटे आहेत," मी म्हणाले.

"तुमचं सोडा, तुम्ही मराठीच्या." त्यांनी हेतल मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला. मॅडम शांतपणे म्हणाल्या की माहिती कधी खोटी नसते, फार तर अपुरी असते. आणि शंका असेल तर नमुना म्हणून एक घर बघून घेऊ. कुठलं? केतनभाईंनी फाईल मागवली. वरच निशाचा अर्ज होता. मॅडमनी तिकडून निशाचा फॉर्म वाचून दाखवला: स्वतंत्र खोली होय, टेबल होय, खुर्ची होय, लॅपटॉप होय. "मग ही मुलगी खोली मागते कशाला?" केतनभाई म्हणाले. "हिच्याच घरी जाऊ. उद्या साडेसहाला."

सरांनी दुकानातूनच काशिरामला फोन केला. "उद्या संस्थेवाले तुझ्या घरी येतात. जसा हाय तसा खरा दाखव. काय सुदा लपवू नको." मी शेजारीच उभी होते, ह्याहून स्पष्ट सांगणं शक्य नव्हतं. पण काशिरामनं उभ्या आयुष्यात पाहिलेला प्रत्येक सर्वे दोनदा झालेला होता. आधी लिहून नेतात, मग तपासायला येतात. आणि फोनवर कुणी उघड थोडंच बोलतं?

दुसऱ्या दिवशी करंजाड्याला आम्ही चौघं पोचलो. नवी चार मजली इमारत, खाली पाणीपुरीची गाडी. काशिरामनं कामावर दांडी मारली होती. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. तळमजल्यावरच्या स्वतःच्या दाराशी आम्हाला थांबूसुद्धा दिलं नाही. "वरती हाय पोरीची खोली," म्हणत थेट दुसऱ्या मजल्यावर नेलं.

दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होता आणि मालकानं भाडेकरूंना दाखवायला त्याची किल्ली काशिरामकडं ठेवली होती. आतल्या खोलीत मधोमध एक टेबल. मंडपवाल्याकडचं, लग्नात ज्यावर आहेर ठेवतात ते. त्याची झालरही काढलेली नव्हती. त्याच्यापुढं पांढऱ्या कव्हरची खुर्ची, पाठीला सोनेरी फीत. टेबलावर कुणाचा तरी लॅपटॉप, बंद. भिंतीवर जगाचा नकाशा, कोपऱ्यात दुकानाची चिठ्ठी तशीच. निशा दाराशी उभी होती, हात मागं बांधून, आणि जमिनीकडं बघत होती.

"किती सुंदर वैयक्तिक अवकाश आहे!" हेतल मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. फीत फ्रेममध्ये यावी म्हणून दोन पावलं मागं सरकल्या.

केतनभाईंनी सरांकडं बघितलं. "हे खोटं का, सर?"

हेतल मॅडम निशाकडं वळल्या. "बेटा, इतकी छान खोली असताना शाळेतली खोली कशाला हवी तुला?"

निशानं मान वर केली आणि बापाकडं बघितलं. काशिरामनं डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं. तो कडक नव्हता. तो घाबरलेला होता. खरं बोललो की हातचं जातं, हे त्याला नक्की माहीत होतं. आणि पोरीला माहीत होतं की खोटं टिकलं तर नऊ नंबर जाणार. सोळा वर्षांच्या मुलीला बापाचा मान आणि स्वतःची दहावी ह्यांतलं एक निवडायला आम्ही चार सुशिक्षित माणसांनी उभं केलं होतं. मला माझी लाज वाटली.

दयाराम सर पुढं झाले. "काशिराम, मी चुकलू. ये कागुद जमिनीचा नाय. हिथं ज्याच्याकरं नाय त्याला भेटनार हाय. मी तुला उलटा सांगला."

काशिराम गोंधळला, मग संतापला. "सर, तुमीच तं बोललाव, वाढवून सांग! आता ह्या लोकांम्होरं मला खोटा पारताव?"

"तू खोटा नाय. मी खोटा." सर केतनभाईंकडं वळले. "ह्यांना मी शिकवलं. अठ्ठावन्न घरांत मी शिकवलं. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा." हेतल मॅडमचा फोन अजून हातात वरच होता.

तेवढ्यात निशा म्हणाली, "मॅडम, वर चला. मी दाखवते."

आम्ही तिच्या मागून चढलो. तिसरा मजला, चौथा मजला, आणि त्याच्यावर गच्चीच्या बंद दाराशी जिन्याचा जेमतेम एक चौकोन. तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स घडी करून अंथरलेला. त्यावर दप्तर, कंपास, पाण्याची बाटली आणि भूमितीची उघडी वही. अर्धी आकृती काढून झाली होती. आम्ही आलो म्हणून राहिली होती. "खाली काका झोपतात," निशा म्हणाली. "त्यांना रात्रपाळी असते. नऊला उठतात. तोपर्यंत खोलीत दिवा लावत नाही आम्ही. मग जेवणं, मग अंथरुणं. म्हणून मी इथं बसते. शाळेची खोली बंद झाल्यापासून."

केतनभाईंनी घसा साफ केला. अशा वेळी काहीतरी बोललं पाहिजे ह्याची त्यांना सवय आहे. "हे बघा, आपली संस्था नेहमीच विद्यार्थ्यांच्या—"

दिवा गेला.

नव्या इमारतींच्या जिन्यात ते दिवे असतात, हालचाल झाली तरच लागणारे. माणूस स्थिर बसला की मिनिटाभरात विझतात. अंधारात काहीतरी हललं आणि दिवा लागला. निशाचा डावा हात डोक्यावर होता. तिनं तो खाली घेतला.

"—विद्यार्थ्यांच्या हिताचा विचार—" केतनभाई पुढं बोलू लागले. आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे होतो. दिवा पुन्हा गेला. पुन्हा तिचा हात वर गेला, पुन्हा उजेड. ती हात हलवते आहे हे तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं. आपण डोळे मिटतो-उघडतो तितकं ते सरावाचं झालं होतं. उजव्या हातानं लिहायचं आणि मिनिटामिनिटाला डावा वर करायचा. तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा केतनभाईंनी वाक्य तिथंच सोडलं.

"रोज?" काशिरामनं विचारलं. तो बस सोडून साडेनऊला घरी येतो. तोपर्यंत पोर खाली जेवायला बसलेली असते.

"रोज, बाबा."

"मला का नाय सांगलास?"

"काकांची झोप मोडली असती ना."

काशिरामनं त्या फ्लेक्सची दुमडलेली कड पायानं सरळ केली.

जिना उतरताना केतनभाई सरांना म्हणाले, "सोमवारी नऊ नंबर उघडा. ढग रंगवलेत ते राहू द्या. आणि तुमचा खुलासा लेखी पाहिजे मला." सर हो म्हणाले. खुलासा त्यांनी दिला, ताकीदही मिळाली, ती त्यांच्या सेवापुस्तकात आहे. हेतल मॅडम खालपर्यंत विचारात होत्या. जिना हा पर्याय फॉर्ममध्ये ठेवलेला नव्हता, तेव्हा ही मुलगी 'इतर'मध्ये धरावी लागेल, असं त्या म्हणाल्या. अहवाल काही बदलला नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटात तो आहे, आमचा विद्यार्थी त्यात अजून साधनसंपन्न आहे.

त्या दोघांची गाडी गेली. सर स्कूटर काढत होते, मी रिक्षा शोधत होते. काशिराम आमच्याबरोबर खाली आलाच नव्हता. मंडपवाल्याचं टेबल परत करायचं असेल, मला वाटलं. सरांनी स्कूटर स्टँडवरून काढली आणि तशीच धरून वर बघत राहिले.

जिन्याच्या भिंतीला प्रत्येक मजल्यावर सिमेंटची जाळी आहे, रस्त्यावरून आतला उजेड दिसतो. चौथा मजला विझला, मग तिसरा, दुसरा, पहिला. सगळ्यात वरची जाळी तेवढी उजेडात होती. मिनिट झालं. दोन झाली, पाच झाली. माझ्यासमोरून दोन रिकाम्या रिक्षा गेल्या. तो दिवा एकदाही विझला नाही. जाळीतून निशाची वहीवर झुकलेली मान दिसत होती, तिचा एकही हात वर जात नव्हता. आणि तिच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, काशिराम उभा राहून हात हलवत होता.